मागच्या सीटवरचा शब्द

१

वारा कड्यावर नीट धडकायला लागला की मास्तर खुशीत येत, आणि मास्तर खुशीत आले की कुणाचं तरी रडं ठरलेलंच. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून ते उतरणाऱ्या प्रत्येक ग्लायडरवाल्याची सालटी काढत. जिभेला हाड नसणं म्हणजे काय, हे त्या क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी दातांचे डॉक्टर उतरले. एकट्याने उडायची परवानगी त्यांना नुकतीच मिळाली होती. मास्तरांच्या मते चुकून. दोन सीटांचं ग्लायडर, पुढे डॉक्टर, मागची सीट रिकामी. तिचे पट्टे एकमेकांत अडकवून घट्ट आवळलेले, कारण मोकळा पट्टा मागच्या सुकाणूच्या दांडीत गुंतला तर माणूस ठरल्यापेक्षा बराच लवकर खाली येतो.

डॉक्टरांनी काचेचं झाकण उघडलं, गवतावर उतरून घाम पुसला आणि शेडकडे येत म्हणाले, "बरं झालं मास्तर, वेळेवर बोललात."

"काय बोललो?"

"'नाक' म्हणालात ना, दुसऱ्या वळणावर. नाक वर चाललं होतं माझं, लक्षातच नव्हतं."

मास्तरांनी शेडच्या आत बघितलं. रेडिओ कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला होता, बंद.

"मी इथे बसलोय. या खुर्चीत. तुम्ही वर गेल्यापासून उठलेलोसुद्धा नाही."

डॉक्टर हसायला लागले, मग थांबले. त्यांनी वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं. "हो की. पण मागूनच तर... जाऊ दे. तुमचा आवाज डोक्यात बसलाय बहुतेक."

मास्तरांची छाती दोन इंच फुगली. पुढे कितीतरी दिवस ते हा किस्सा येईल त्याला ऐकवत होते. "पोरगं एकटं उडालं तरी मी मागे असतो," ते म्हणत. "याला म्हणतात शिकवणं. बाकीच्यांनी विटी-दांडू शिकवावा."

२

कड्याजवळ उडायचं गणित तसं सोपं आहे. वारा डोंगराला धडकतो, वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर बिनइंजिनाचं ग्लायडर तासन् तास तरंगतं. कड्यालगत सरळ जायचं, टोक आलं की डोंगराकडे पाठ करून दरीच्या बाजूला वळायचं आणि परत यायचं. सगळी गोम त्या वळणात असते. वारा जरा पडला, ग्लायडर माथ्याच्या खाली उतरलं की डोंगर एकदम अंगावर येतो. झाडं मोजता येतील इतकी जवळ. माणसाला वाटतं, वळण झटपट उरकावं. पंख आणखी कलवायला मात्र छाती होत नाही, म्हणून तो गुपचूप पायाने ढकलतो. पायाखालचं पेडल शेपटी फिरवतं, हातातली दांडी पंख धरून ठेवते, आणि दोघांची ओढाताण सुरू होते. समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा लाल धागा तिरका होतो. सरळ उडताना तो सरळ असतो, चुकलं की वाकडा. आठ आण्याची वस्तू, पण खोटं बोलत नाही. त्या वेळी त्याच्याकडे बघतो कोण? मग आतल्या बाजूचा पंख दम सोडतो आणि ग्लायडर गिरकी घेत नाकावर खाली जातं.

गिरकीतून सुटायचा उपाय सगळ्यांना येतो. उलटा पाय दाबायचा, दांडी पुढे लोटायची. फक्त त्याला उंची लागते, आणि तिथे ती नसते.

हे टाळण्यासाठी मास्तरांची स्वतःची पद्धत होती. मागच्या सीटलाही पुढच्याशी जोडलेली दांडी आणि पेडलं होती, पण तिथे बसले तरी त्यांचे हात कायम मांडीवर असत. शिकणाऱ्याच्या हातातलं काम ते कधी काढून घेत नसत. ते फक्त शब्द टाकत. "नाक." "वेग." "धागा." "उजवा पाय." शब्द कानावर पडला की पाय हललाच पाहिजे. "डोकं सावकाश येऊ दे मागून," ते म्हणत, "त्याची काही घाई नाही." हलायला उशीर झाला तर गुंडाळलेला नकाशा टाळक्यात बसे. निम्मे लोक महिनाभरात पळून जात. उरत त्यांचे पाय मात्र मास्तरांच्या तोंडाला बांधल्यासारखे होत.

मास्तर स्वतःही असेच शिकलेले होते. बायकोने मागून साधी हाक मारली तरी चालता चालता त्यांचा पाय आधी थबके, आणि तिने काय म्हटलं ते नंतर कळे. बायको यावरून त्यांची चेष्टा करी.

आणखी एक. मास्तर कुणाला शाब्बास म्हणत नसत. शाब्बास म्हटलं की माणूस सैल पडतो, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या हाताखालची सगळ्यात तरबेज मुलगी ही त्यांची स्वतःचीच धाकटी लेक, आणि तिलाही तो शब्द त्यांच्या तोंडून कधी मिळाला नव्हता. थोरलीने लग्न करून वेळेत सुटका करून घेतली होती. धाकटी मात्र बापामागून मैदानावर येत राहिली, टाळकं शेकून घेत राहिली, आणि एकही शब्द वाया जाऊ देत नव्हती.

३

डॉक्टर मैदानावर यायचे बंद झाले. निरोप नाही, काही नाही. मास्तरांनी दोन आठवडे त्यांची यथेच्छ टिंगल केली आणि मग त्यांचीच दाढ ठणकायला लागली.

दवाखान्यात लवंगतेलाचा वास होता. खुर्ची मागे झुकवलेली, डोळ्यांवर दिवा, तोंडात कापूस आणि थुंकी ओढणारी नळी. डॉक्टर त्यांच्या डोक्यामागे उभे होते, दिसत नव्हते.

"येत का नाही, असं विचारायचंय ना?" मागून डॉक्टरांचा आवाज आला. "तोंड उघडंच ठेवा. आज मी बोलतो. इतके दिवस तुम्ही बोललात."

मास्तरांनी घशातून काहीतरी आवाज काढला.

"तुमचा आवाज पुन्हा आला. एकदा नाही, तीन-चारदा. नाक, वेग, सगळं बरोबर सांगायचा. मला बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू. शेवटच्या खेपेला वारा पडला, मी माथ्याच्या खाली गेलो. डोंगर उजवीकडे, डावीकडे वळतोय. खाली दोनशे फूटही नसतील. आणि मागून आलं, 'डावा पाय.' वळतोय तिकडचाच पाय! मग म्हणाला, 'अजून.' अगदी शांतपणे, मास्तर. तुम्ही इतक्या शांतपणे कधी बोलला नाहीत."

चिमटा दाढेवर बसला. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी पाय दिला नाही. शहाणा आहे म्हणून नव्हे हो. मी तुमचं कधी वेळेवर ऐकलंय का? म्हणून आज तुमची दाढ काढायला जिवंत आहे." कडकन आवाज झाला आणि दाढ बाहेर आली. "चूळ भरा."

घरी परतताना मास्तर गालावर रुमाल दाबून चालत होते. विचार सरळ होता आणि त्यांनी तो सरळच केला. भीती वाटली की प्रत्येकालाच पाय द्यावासा वाटतो. म्हणूनच तर माणसं मरतात. भ्यालेल्या माणसाच्या डोक्यात ती इच्छा कुणाच्या तरी आवाजात बोलते. डॉक्टरांच्या डोक्यात दुसरा कुठला आवाज असणार? इतकं सोपं होतं ते. तरीही घराच्या जिन्यावर ते जरा थांबले आणि मागे वळून बघितलं. जिन्यात कुणीच नव्हतं.

४

धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लोकरीचे नवे धागे कापत होती. आतल्या खोलीत तिची आई इस्त्री करत होती. मास्तरांनी पाण्याचा ग्लास भरला आणि उगाच इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं,

"एकटी असताना मागून काही ऐकू येतं का गं तुला?"

"तुमचा आवाज ना? हो."

कात्री चालूच होती. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला.

"कधीपासून?"

"पहिल्यांदा एकटी गेले तेव्हापासून. मला वाटलं, सगळ्यांनाच येतो. तुम्हीच सांगत असता की मी मागे असतो म्हणून."

"काय म्हणतो?"

"तेच आपलं. नाक, वेग, धागा." धाकटी जराशी लाजली. "आणि वळण छान जमलं की शाब्बास म्हणता."

आतला इस्त्रीचा आवाज थांबला.

"मी म्हणतो?"

"वर म्हणता. खाली उतरलं की नाही म्हणत." ती हसली, पण डोळे धाग्यावर ठेवून. "चालतं मला. एकदा ऐकलं की पुरतं."

त्याच वेळी डॉक्टरांची गोष्ट तिला सांगायला हवी होती. 'उद्यापासून वर जायचं नाही,' असं म्हणायला हवं होतं. मास्तरांना ते कळत होतं. पण त्यांच्या मनात त्या घडीला काळजी दुसरी आली, पहिला आला तो हेवा. आपल्या पोरीला आपण ज्यासाठी तरसवलं, ते दुसरंच कुणीतरी आपल्या आवाजात तिला देऊन मोकळं झालं होतं, आणि ती खुश होती. शिवाय क्लबात काय सांगायचं? मास्तर आपल्याच आवाजाला घाबरले म्हणून?

"पाय दे, असं म्हणतो का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. उद्या मी बसतो मागे."

धाकटीने मान वर केली. तिचा चेहरा पडला, आणि तो पडलेला मास्तरांनी बघितला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "बरं."

५

सकाळी विद्यार्थी यायच्या आधी मास्तर एकटेच ग्लायडर ठेवायच्या हँगरमध्ये गेले. मागच्या सीटच्या पाठीशी प्लायवूडची पातळ फळी होती. ती त्यांनी स्क्रू काढून बाजूला केली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. शेपटीपर्यंत पोकळी, त्यात पेडलांच्या तारा, धूळ आणि एक मेलेली मधमाशी. तिथे उंदीर बसला तर बसेल, माणसाचं काम नव्हे. त्यांनी आत तोंड घालून "नाक" असं म्हणून पाहिलं. पोकळीतून काहीच परत आलं नाही, साधा प्रतिध्वनीसुद्धा नाही. त्यांनी फळी पुन्हा बसवली. एका स्क्रूचे आटे झिजलेले होते, तो नुसताच फिरत राहिला.

दुपारी वारा छान होता. जमिनीवरच्या विंच यंत्राने दोर ओढला, ग्लायडर उभं चढलं, धाकटीने दोर सोडला आणि ती कड्याकडे वळली. मास्तरांचे हात मांडीवर होते. समोर लेकीची मान, कानामागे अडकवलेले केस, आणि तिच्या पलीकडे काचेवर नवा लाल धागा, रेघ मारल्यासारखा सरळ.

ती सुरेख उडत होती. हे मास्तरांना आजच कळलं असं नाही, पण आज त्यांनी ते कबूल केलं. तीन वळणं झाली आणि तिन्हींत काढायला खोट सापडली नाही. रात्री अंथरुणात पडून त्यांनी ठरवलं होतं की आज तो शब्द स्वतः म्हणायचा. खराखुरा, हक्काच्या तोंडून. चौथं वळण पुरं झालं. त्यांनी ओठ ओले केले. जीभ काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली, आणि इतक्या वर्षांत न उच्चारलेला शब्द काही केल्या वर येईना.

"शाब्बास," आवाज आला.

धाकटीचे खांदे सैल पडले. "थँक्यू, बाबा," ती म्हणाली. पुढून बोलतानाही ती हसतेय हे कळत होतं.

मास्तरांची जीभ अजून खड्ड्यातच होती.

६

आपणच बोललो असू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. म्हातारपण आलं की माणूस पुटपुटतो आणि त्याला पत्ता नसतो. शब्द मनात होता, तो निसटला. पण तो कानाला पुढून आला नव्हता. उजव्या कानाच्या मागून आला होता, फळीच्या बाजूने.

मग त्यांच्या खांद्यावरचे पट्टे कुणीतरी ओढून बघितले. दोन झटके, आधी डावा, मग उजवा. उडायच्या आधी ते स्वतः प्रत्येक विद्यार्थ्याचे पट्टे असेच ओढून बघत. पट्टे आवळले गेले आणि त्यांना मान फिरवता येईना.

"वारा पडला, बाबा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "माथ्याच्या खाली आलोय. हे वळण घेते आणि सरळ मैदान गाठते."

अगदी बरोबर होतं. त्यांनी स्वतः हेच केलं असतं. उजवीकडे डोंगर होता. झुडपांची पानं वेगवेगळी दिसत होती, एका खडकावर पक्ष्यांची पांढरी विष्ठा दिसत होती. तिने डावीकडे पंख कलवला, छान, भरपूर, न भिता. वेग ठीक. धागा सरळ.

"डावा पाय."

"नको, बाबा," धाकटी म्हणाली. "धागा सरळ आहे."

जन्मात पहिल्यांदा ती बापाला नको म्हणाली होती. मास्तरांना ओरडायचं होतं की मी नाही बोललो, तू बरोबर आहेस, ऐकू नकोस. छाती पट्ट्यांत आवळलेली होती आणि खडक खिडकीत मोठा मोठा होत होता. वळण फार हळू होतंय, असं त्यांना वाटलं. फक्त एक क्षण वाटलं.

"अजून," आवाज म्हणाला. प्रेमाने म्हणाला.

डावं पेडल पुढे गेलं. मास्तरांनी खाली बघितलं. त्यावर तपकिरी बूट होता, त्यांचा स्वतःचा, कालच पॉलिश केलेला. काचेवरचा धागा आडवा झाला.

"बाबा, पाय काढा!"

तिने उजव्या पेडलावर सगळा जोर लावला. तारा एकच असल्याने तिचा पाय त्यांना तळव्याखाली जाणवत होता, पोरीचा पाय, थरथरणारा. काढायचाय, ते मनात म्हणत होते, काढतोय. पाय ऐकत नव्हता. तो दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होता, आणि त्याला तसं शिकवायला आयुष्य गेलं होतं.

आतला पंख खचला. त्या झोक्यात सूर्य फिरला आणि झाकणाच्या काचेत आतलं प्रतिबिंब उमटलं. मास्तरांना आपला चेहरा दिसला, ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या खांद्यामागे, जिथे नुसती फळी होती, तिथे चेहरा असा नव्हता. एक तोंड होतं, आणि ते बोलून झाल्यावर सावकाश मिटत होतं.

धाकटीने सगळं बरोबर केलं. दांडी पुढे लोटली, उलटा पाय दाबला. तो दाबून पूर्ण गेला नाही, कारण मध्ये बापाचा पाय होता. "बाबा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

७

ग्लायडर नाकावर आपटलं की पुढचा माणूस मागच्याची उशी होतो, असं मास्तर वर्गात थट्टेने सांगत. मुलं हसत.

त्यांचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला होता आणि प्लॅस्टरमध्ये टांगून ठेवला होता. बरगड्या, एक मनगट. बाकी इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते, नशीबवान आहात. खाटेची डोक्याकडची बाजू भिंतीला टेकवलेली होती. बाजूच्या स्टुलावर धाकटीची आई बसली होती. तिने दोन दिवस साडी बदललेली नव्हती, आणि आसवं गालावरच सुकत होती.

चौकशीला आलेला अधिकारी भला माणूस होता. कधीकाळी तोही कड्यावर उडालेला. त्याने खुर्ची पायाशी ओढून घेतली आणि आवाज हळू ठेवला.

"त्रास द्यायचा नाही, मास्तर. एकच विचारतो. गिरकी पडली ती डाव्या पायाने, एवढं नक्की आहे. पण पेडलं जोडलेली असतात. पाय पुढचा होता की मागचा, हे मोडतोडीवरून कळत नाही. तुम्हीच सांगू शकता."

मास्तरांना खरं सांगायचं होतं. शुद्धीवर आल्यापासून त्यांनी तेवढंच एक ठरवलं होतं. लेक गेली, निदान तिचं उडणं तरी निर्मळ राहू दे. तिने चूक केली नाही, शेवटपर्यंत केली नाही, हे त्या पोरीच्या आईला कळू दे. मग लोकांनी आपल्या तोंडावर थुंकलं तरी चालेल. त्यांनी श्वास घेतला. बरगड्यांत कळ आली.

"तिचा होता," आवाज आला. "मी नको नको म्हणत होतो."

तो उशीच्या मागून आला, भिंतीच्या बाजूने. मास्तरांचे दात एकमेकांवर आवळलेले होते. पण अधिकाऱ्याने डोळे झाकून मान डोलावली. असल्या उत्तराच्या वेळी बापाच्या तोंडाकडे बघू नये, इतकं त्याला समजत होतं. आईने पदरात तोंड लपवलं होतं.

"होतं असं," अधिकारी म्हणाला. "चांगल्या चांगल्यांचं होतं."

"एवढं एक ऐकायचं होतं गं बाई," आई पदरातूनच म्हणाली. "बाप जीव तोडून सांगत होता तुला." मग तिने चेहरा पुसला, पुढे वाकली आणि मास्तरांचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत तिने तो असा कधी घेतला नव्हता. "तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका हो. तुमची काही चूक नाही."

मास्तरांनी दात सोडले. जीभ मोकळी होती, गळा मोकळा होता. मागून कुणीही काही बोलत नव्हतं, पट्टे नव्हते, मान फिरत होती. खोलीत सगळे त्यांचीच वाट बघत होते. बायकोचे हात गरम होते.

"आणखी काही सांगायचंय, मास्तर?" अधिकाऱ्याने विचारलं.

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं.